डोळे एकाच रक्ताचे

ता. ३ जून

चि. टिल्लूस,
अ. उ. आ. वि. वि.

पन्नाशी उलटलेल्या माणसाला टिल्लू म्हणू नये, असं तुझ्या बायकोनं मागं मला सुचवलं होतं. पण दुसऱ्या कुठल्या नावानं लिहायला बसलं की हातच चालत नाही, तेव्हा मास्तरीणबाईंनी एवढं पोटात घालावं. फोन न करता पत्र लिहितेय त्याला कारण तुझं सलून. फोन केला की तुझ्या एका हातात कात्री, खुर्चीत गिऱ्हाईक, बाकावर आणखी चारदोन माणसं. मी गंभीर काही बोलायला लागले की तू त्यांना ऐकू जाईल असा विनोद करतोस आणि विषय तिथंच बुडतो.

तर ऐक. माझ्या चष्म्याची काडी तुटली म्हणून चष्म्याच्या दुकानात गेले. तिथल्या मुलीनं आलाच आहात तर नंबरही तपासते म्हणून यंत्रापुढे बसवलं. त्या यंत्रानं डोळ्यावर हवेची फुंकर मारली, मुलीनं आकडा बघितला आणि माझी तुटकी काडी बाजूला सारली. म्हणाली, काकू, काडी राहू दे, आधी डोळ्याच्या दवाखान्यात जा. मला वाटलं हिला महागातला चष्मा खपवायचा असेल. तरी गेले.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं आणि काचबिंदू आहे म्हणाल्या. डोळ्याच्या आतला दाब वाढलाय, त्यानं मागची नस सुकत चाललीय आणि डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीचशी गेलीसुद्धा. मी भांडायलाच उठले. म्हटलं, बाई, मी रफू करते. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते. परवा एका कोटावरचं जळकं भोक असं बुजवलं की खुद्द मालकाला सापडेना. त्यांनी मला बोलू दिलं, मग म्हणाल्या, मधली नजर शेवटपर्यंत राहते, हा रोग कडेकडेनं खात येतो आणि दुखत मुळीच नाही. गेलेलं परत येत नाही. उरलंय ते राखायला रोज दोन वेळा थेंब टाकायचे, जन्मभर. गंमत म्हणजे थेंब लिहून देण्याआधी दमा आहे का, छातीचे ठोके कसे आहेत, हेच विचारत बसल्या. मी म्हटलं, अहो, मी डोळे दाखवायला आलेय, छाती नव्हे!

मग आईवडिलांचं विचारलं. मी अण्णांचं सांगितलं. रस्त्यात शेजारून गेलेल्या माणसाला ओळख न देणारे म्हणून लोक त्यांना शिष्ट म्हणायचे. शेवटी शेवटी भिंत धरून चालायचे आणि आपण म्हणायचो, वय झालं. हे ऐकून बाईंनी पेन खाली ठेवलं आणि भावंडं किती म्हणून विचारलं. एक, धाकटा, असं सांगितल्यावर म्हणाल्या, त्याला ताबडतोब तपासून घ्यायला सांगा, सख्ख्या भावंडाला धोका फार.

टिल्लू, मी घाबरलेय. माझ्यासाठी घाबरून झालं, आता तुझ्यासाठी घाबरतेय. मास्तरीणबाईंना आणि थोरलीला आशीर्वाद. माया आहेच, ती काही मागावी लागत नाही. डोळे दाखवून आल्याचं पत्र मात्र मागते.

तुझी
ताई


ता. ११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र घरी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. फुंकर मारणाऱ्या यंत्राशी आणि छातीची चौकशी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंशी तू घातलेला वाद ऐकून आम्ही पोट धरून हसलो. हसून झाल्यावर बायको म्हणाली, हे हसण्यासारखं नाही. ते मलाही कळतं. थेंब चुकवू नकोस. एखादं नाजूक विणीचं कापड हातात आलं की तुला जेवणाची शुद्ध राहत नाही, थेंबांची कुठली राहणार!

माझं म्हणशील तर डोळे हेच माझं भांडवल आणि ते ठणठणीत आहे. कानाच्या पाळीमागचा एकेक केस मला दिसतो. उस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की न्हाव्यानं स्वतः वाकू नये, गिऱ्हाईकाचं डोकं फिरवावं. हनुवटीला दोन बोटं लावली की भला भला माणूस हवा तसा वळतो. इतकी वर्षं सगळा मुलूख मी माझ्या नाकासमोर फिरवून घेतलाय. माझ्या नजरेत खोट असती तर आतापर्यंत कुणाचा तरी कान माझ्या हातात आला असता.

आणि असलंच काही तर काढून टाकू. शेजारच्या शिंप्यानं त्याचा मोतीबिंदू नीट पिकू दिला, मग काढला. आता तो समोरच्या गच्चीवरची मांजर ओळखतो. बायकोला मात्र तुझ्या पत्रानं चेव आलाय. परवा कंगव्यांची बरणी माझ्या हाताचा धक्का लागून फुटली, तर तेही डोळ्यांवर ढकललं. आणि गल्लीत एक सायकलवाला आडवा आला त्याचंही. मेला कुठून उगवला देव जाणे, रस्ता अगदी रिकामा होता. कोपर खरचटलं, एवढंच.

थोरलीचा तुला नमस्कार. लोभ आहे तसा असू दे, उपदेश थोडा पातळ केलास तरी चालेल.

तुझा
टिल्लू


ता. १८ जून

चि. टिल्लूस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तू गंमत म्हणून लिहिलंस आणि मी एकेक ओळ वाचत गार पडत गेले. सायकलवाला रिकाम्या रस्त्यावर उगवला म्हणतोस. माझ्या जिन्यातली शेजारीण गेलं वर्षभर अशीच उगवतेय. मी तिला म्हणायचे, बाई, पायात काही घाल, तुझी चाहूल लागत नाही. ती बिचारी माझ्या डाव्या अंगाला आधीपासून उभी असायची.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं की नजर गेली तर तिथं काळं का दिसत नाही. त्या म्हणाल्या, मेंदू आजूबाजूचं ओढून ती जागा भरून काढतो. म्हणजे आमचंच काम, टिल्लू! भोकाच्या कडेचे धागे ओढून असं बेमालूम रफू करतो की तिथं भोक होतं हेच मालकाला कळत नाही. रस्ता रिकामा दिसतो, कारण मेंदूनं तो रिकामा विणलेला असतो. मी जन्मभर लोकांची भोकं लपवत आले आणि माझ्याच डोक्यानं मला फसवलं.

शिंप्याचं सोड. मोतीबिंदू काढला की नजर परत मिळते, म्हणून त्यात थोडं थांबलं तरी चालतं. यात पिकण्याबिकण्याची भानगड नाही. जितकं थांबशील तितकी नस सुकणार आणि सुकली ती कुठलाही डॉक्टर परत हिरवी करणार नाही. आणि तुझ्या उस्तादांची ती शिकवणच तुला फसवतेय. गिऱ्हाईकाचं डोकं तू फिरवून घेतोस म्हणून दुकानात तुझं काही अडत नाही. गल्ली कोण फिरवून देणार तुला? तुझ्या हातात वस्तरा असतो आणि माणसं डोळे मिटून तुझ्यापुढे गळा उघडा करून बसतात, एवढं तरी ध्यानात घे.

मला अलीकडे अण्णा सारखे दिसतात, ते खुर्चीतून उठण्याआधी हातानं चाचपायचे तसे. माझ्यावर माया असेल तर ती कागदावर नको, दवाखान्यात जाऊन दाखव.

तुझी
ताई


ता. २६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं हे पत्र घरी वाचून दाखवणार नाही. तूही उत्तर सलूनच्या पत्त्यावर पाठव.

मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो होतो. आतून एक माणूस बाहेर आला, माझ्याच वयाचा. बायकोनं त्याचा दंड धरला होता आणि पायरी आली की ती हळूच सांगत होती. मी तिथूनच मागं वळलो. दुकानात येऊन शटर अर्धं ओढलं आणि मोठ्या आरशापुढे उभा राहिलो. उजवा डोळा हातानं झाकला आणि डाव्यानं स्वतःच्या नाकाकडे बघत राहिलो. ताई, आरशात माझ्या शेजारची दुसरी खुर्ची नव्हती. भिंत होती, फरशी होती, खुर्ची नव्हती. मान वळवली तर आली. पुन्हा नाकाकडे बघितलं, पुन्हा गेली. किती वेळ तेच करत बसलो कोण जाणे. बाहेरून कुणीतरी शटर वाजवलं तेव्हा भानावर आलो.

बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी एकदा कागदावर लिहिलं की संपलं. आंधळ्या न्हाव्यापुढे कोण गळा देईल? मला दुसरं काही येत नाही गं.

तेव्हा एक विनंती करतो, नाही म्हणू नकोस. तुझ्या थेंबांची एक बाटली मला पाठवून दे. आपण एका आईबापाची लेकरं, डोळे एकाच रक्ताचे. तुझा दाब ज्यानं उतरला त्यानं माझाही उतरेलच. थोडे दिवस टाकतो, दाब जरा खाली आला की निवांत जाऊन तपासून घेतो. तेव्हा कागदावर चांगलं काही तरी येईल. परीक्षेच्या आधी अभ्यास करावा तसं समज.

लहानपणी माझ्या सगळ्या खोड्या तू पदराखाली घेतल्यास, तेवढीच ही एक घे.

तुझा
टिल्लू


ता. २ जुलै

चि. टिल्लूस,
अ. उ. आ. वि. वि.

सोबत कापसात गुंडाळून बाटली पाठवतेय. हे बरोबर नाही असं मन सांगतंय. पण तू आरशापुढे खुर्ची शोधत उभा आहेस हे डोळ्यांपुढून हलत नाही आणि इकडे हात बांधून बसणं मला जमत नाही.

दोन्ही डोळ्यांत एकेकच थेंब, सकाळी आणि संध्याकाळी. टाकल्यावर डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं थोडा वेळ दाबून धरायचा. बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. आणि बाटली संपण्याची वाट बघायची नाही, उद्याच दवाखान्यात नंबर लाव. मास्तरीणबाईंना तू सांग, नाहीतर मी सांगेन. ही धमकी आहे.

मायेनं पाठवलंय, मायेनं टाक.

तुझी
ताई


ता. ९ जुलै

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुम्हाला हे कळवू नये असं यांचं म्हणणं आहे. मी कळवते आहे. हे रुग्णालयात आहेत. जिवावरचा धोका काल टळला, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुम्हाला वाचता येईल.

मंगळवारी संध्याकाळी हे टपालवाल्याची दाढी करत होते. त्याआधीच मागच्या खोलीत जाऊन त्यांनी तुमचे थेंब टाकले होते. एकेक नव्हे, जास्त टाकले की लवकर गुण येईल म्हणून चांगले दोनदोन, तीनतीन. दाढी अर्धी झाली आणि यांना धाप लागली. छातीतून शीळ वाजायला लागली, ओठ निळे पडले. वस्तरा तेवढा शहाणपणानं खाली ठेवला आणि खाली बसले ते उठेनात. टपालवाल्यानं अर्ध्या तोंडाचा साबणही पुसला नाही, तसंच यांना उचलून गाडीत घातलं. रुग्णालयात डॉक्टर विचारत होते की कुठलं औषध घेतलं, आणि हे नुसती मान हलवत होते. शेवटी त्या टपालवाल्यालाच, यांनी बाहेर येताना पावडरच्या डब्यामागं ठेवलेली बाटली आठवली. तो परत दुकानात जाऊन घेऊन आला. बाटली बघून डॉक्टर माझ्यावरच ओरडले. असले थेंब दमेकऱ्याला विषासारखे असतात, डोळ्यातून घशात आणि तिथून रक्तात जातात, श्वासनळ्या आवळून धरतात, म्हणाले. मी म्हटलं, यांना दमा नाही. तेव्हा यांनी हातानं खूण केली. लहानपणी होता.

सासूबाई एकदा त्याबद्दल बोलल्या होत्या, मी विसरले. तुम्हा दोघांना मात्र तो चांगलाच माहीत होता. मी रागावले आहे, लपवत नाही. पण तुमचं पहिलं पत्र यांनी वाचून दाखवलं तेव्हा दम्याच्या चौकशीवर आम्ही सगळे हसलो होतो. मीसुद्धा हसले होते. ते आठवलं की मला तुमचाही धड राग करता येत नाही.

डोळ्यांचे डॉक्टर वॉर्डात येऊन दाब बघून गेले. तो फार आहे म्हणाले. पुढच्या तपासण्या श्वास नीट झाल्यावर. मला फार भीती वाटते आहे, ताई.

राग उतरला की लोभाचं लिहीन.

आपली
भावजय


ता. १२ जुलै

चि. सौ. मास्तरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र आलं तेव्हापासून मी एकाच जागी बसून आहे. तुम्ही रागावलात ते थोडंच झालं. टिल्लू लहान असताना त्याला धाप लागली की आई उशांची उतरंड रचायची आणि तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसून झोपायचा. त्याच्या छातीतली ती शीळ माझ्या कानात अजून आहे. शाळा सुटली तसा दमाही सुटला असं आम्ही सगळ्यांनीच धरलं आणि नंतर त्याचं नावही कुणी काढलं नाही. मला डॉक्टरीणबाईंनी तोंडावर विचारलं होतं. मी ते विनोद म्हणून लिहून पाठवलं आणि त्याच हातानं बाटली पाठवली. माझ्या हातून माझा भाऊ जाणार होता, बाई.

आज सकाळी माझी बाटली हातात घेतली तर पहिला थेंब गालावरच पडला. पण टाकले. माझ्या छातीची चौकशी करून, मला तपासून दिलेले ते माझे थेंब आहेत. भीतीपायी ते बंद केले तर आणखी एक चूक होईल, एवढं आता कळतंय.

त्याला एवढंच सांगा की माझ्यापासून काही लपवू नकोस. दवाखान्यात जे निघेल ते सगळं मला कळवा, कितीही वाईट असलं तरी. तुमच्या रागाला माझा नमस्कार.

तुमची
ताई


ता. ३० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरी येऊन आठवडा होत आला. जिना चढलो तरी धाप लागत नाही. तू आता रडणं बंद कर. बायकोचा राग बराच खाली आलाय, पण तुझ्याकडून आलेलं पार्सल यापुढे ती स्वतः उघडणार आहे. टपालवाला उरलेली अर्धी दाढी करून घ्यायला अजून आलेला नाही. लांबून हात करतो आणि निघून जातो.

ही झाली गंमत. आता खरं लिहितो. तू सगळं कळव म्हणाली होतीस.

कडेची नजर मोजायचं एक यंत्र असतं, तुझीही तपासणी त्यावरच झाली असेल. एका डोळ्याला पट्टी बांधतात, हनुवटी टेकवून पांढऱ्या वाटीसारख्या भांड्यात बघायला सांगतात आणि हातात एक बटण देतात. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, कडेला कुठं उजेड चमकला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याचं ठीक झालं, मी टकाटक दाबत होतो. मग डाव्याची पाळी आली. बसलो. एकदोनदा दाबलं, मग काहीच नाही. बराच वेळ वाट बघितली. तपासणाऱ्या मुलीला मी म्हटलं, बाई, तुमचं यंत्र बंद पडलेलं दिसतंय, नाहीतर तुम्ही गप्पा मारत बसलाय. ती खालच्या आवाजात म्हणाली, काका, ते चालूच आहे. निम्मं होत आलंय.

ताई, मी आयुष्यात इतका कधी भ्यायलो नव्हतो. दम कोंडला होता तेव्हासुद्धा नाही. माझ्याभोवती उजेड लागत होते आणि विझत होते आणि मी त्यांच्या मध्ये बटणावर अंगठा ठेवून विनोद करत बसलो होतो.

डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्याची कडेची नजर आता परत येत नाही. मधला थोडा तुकडा आहे आणि उजवा डोळा बराच शाबूत आहे. तो राखायचा. मला दुसऱ्या जातीचे थेंब दिलेत, छातीला न बाधणारे, आणि तेवढ्यानं दाब आवरला नाही तर ऑपरेशन करू म्हणाले. तेही दाब उतरवायला, गेलेलं परत आणायला नव्हे. दुकानात वस्तऱ्याचं काम मी बंद केलंय. कुणी सांगितलं नाही, मीच ठरवलं. कात्री आणि कंगवा चालेल असं डॉक्टर म्हणतात, ती सावकाश चालवतो. पहिल्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकांना स्पष्ट सांगितलं की माझा एक डोळा कडेनं गेलाय. दोघं उठून गेले. बाकीचे बसले.

पण हे पत्र त्यासाठी लिहायला घेतलं नव्हतं. डॉक्टरांनी मुलांचं विचारलं. मी म्हटलं, एकच आहे, थोरली. धाकटं काही झालं नाही, पण आम्ही तिला थोरलीच म्हणतो. ते म्हणाले, घेऊन या. मी तिला सांगायला धजेना. अण्णांनी मला काय दिलं ते तू बघितलंस, मी तिला काय दिलं असेल या विचारानं तोंडचं पाणी पळालं होतं. शेवटी बायकोनंच सांगितलं. थोरली बँकेतून अर्धी रजा टाकून आली. दाब मोजला, तो जरा चढाच निघाला. मग तिला त्याच यंत्रापुढे बसवलं.

मला आत थांबू दिलं नाही. पडद्याबाहेर स्टुलावर बसलो. त्या बटणाचा बारीक टक् असा आवाज होतो. माझ्या वेळी तो मला ऐकू आला नव्हता, कारण मी दाबतच नव्हतो. तिचा सुरू झाला. टक्, टक्, मग टक्. प्रत्येक आवाजाला मी श्वास सोडत होतो आणि पुढच्यासाठी पुन्हा धरत होतो. मध्येच तो थांबला. किती वेळ थांबला सांगता येणार नाही. माझ्या हातात पडदा कधी आला ते मला कळलं नाही. तेवढ्यात ती मोठ्यानं शिंकली, सॉरी म्हणाली, आणि पुन्हा टक्, टक्, टक्, टक्. दोन्ही डोळ्यांना तसंच, शेवटपर्यंत.

डॉक्टर म्हणाले, नजर पुरी आहे, नसही चांगली आहे. दाबावर लक्ष ठेवू, ठरल्या वेळी येत राहा, काही लागलंच तर वेळेत लागेल. ती बाहेर आली तेव्हा मी रडत होतो. तिला वाटलं निकाल वाईट लागला. ती एवढी घाबरली की तिला समजावता समजावता आम्हा दोघांना तिथल्या नर्सनं पाणी दिलं.

ताई, तिला सगळे उजेड दिसतात.

लोभ ठेव, थेंब टाक आणि ते तुझे तूच टाक.

तुझा
टिल्लू